मागणीप्रमाणे कालवलेला निसर्ग

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत मोठा अवयव आहे, हे विधान शरीरशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जितके निरुपद्रवी वाटते तितके ते अमेरिकेच्या बाजारपेठेत राहत नाही; कारण अवयव जितका मोठा तितके त्यावर लावण्याजोगे पदार्थ अधिक, आणि पदार्थ जितके अधिक तितकी ते एकमेकांहून निराळे असल्याचे पटवून देणाऱ्यांची गरज मोठी. ही गरज भागवणाऱ्या संस्थेस 'स्पा' म्हणतात. बेल्जियममधील स्पा नावाच्या गावच्या खनिज झऱ्यांवरून हे नाव जगभर पसरले आणि अमेरिकेतही आरंभी त्याचा झऱ्यांशी संबंध होता: न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा स्प्रिंग्ज येथे लोक खनिज पाणी पिण्यासाठी जात, आणि आर्कान्सॉमधील हॉट स्प्रिंग्ज येथील गरम झरे तर केंद्र सरकारने १८३२ मध्येच राखून ठेवले होते. आजच्या स्पाला झऱ्याची आवश्यकता उरलेली नाही. किराणा दुकान आणि दंतवैद्याचा दवाखाना यांच्या मधला एक गाळा, मंद दिवे, बासरीचे ध्वनिमुद्रण, काकडीच्या चकत्या घातलेले पाणी आणि कुजबुजत्या स्वरात बोलणारा सेवकवर्ग एवढ्या सामग्रीवर तो उभा राहतो. आणि सेवा संपल्यानंतर ग्राहकाच्या हाती जी काचेची लहान बरणी दिली जाते, तीच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

या बरणीतील लेपाविषयी दोन दावे केले जातात. पहिला असा की तो नैसर्गिक आहे. दुसरा असा की तो त्याच ग्राहकासाठी, त्याच्या त्वचेची विचारपूस करून, खास कालवलेला आहे. हे दोन गुण स्वभावतः भिन्न असून एक असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही, किंबहुना ते पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात. परंतु त्यांची किंमत एकत्रितपणे आकारली जात असल्यामुळे त्यांचे परीक्षणही एकत्रितपणेच केले जाते आणि एकाची उणीव दुसऱ्याच्या पदराखाली झाकली जाते. म्हणून येथे त्यांचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट ठरते.

प्रथम 'नैसर्गिक' या दाव्याचा. अमेरिकेत प्रसाधनांवर देखरेख ठेवणारे खाते म्हणजे अन्न व औषध प्रशासन, आणि त्याचा आधार म्हणजे १९३८ चा अन्न, औषध व प्रसाधन कायदा. जे अंगाला चोळावे, ओतावे, शिंपडावे वा फवारावे आणि ज्याने शरीर स्वच्छ, सुंदर वा आकर्षक व्हावे ते प्रसाधन, अशी या कायद्याची व्याख्या आहे. मात्र कोणते प्रसाधन नैसर्गिक म्हणवून घेण्यास पात्र आहे याची व्याख्या प्रशासनाने आजवर केलेली नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये प्रसाधन नियमनाच्या आधुनिकीकरणाचा नवा कायदा झाला, जो १९३८ नंतरचा या क्षेत्रातील सर्वांत मोठा बदल मानला जातो. त्याने कारखान्यांची नोंदणी, गंभीर अपायांची खबर आणि सुरक्षिततेचा पुरावा या गोष्टी सक्तीच्या केल्या, पण निसर्गाला हात लावला नाही. 'सेंद्रिय' या शब्दाची स्थिती किंचित बरी आहे, कारण त्यावर कृषिखात्याचा अधिकार चालतो आणि पाणी व मीठ वगळता ९५ टक्के घटक सेंद्रिय असल्याखेरीज मालावर त्या खात्याची मुद्रा उमटत नाही. तात्पर्य, मलमाला या देशात प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र हवे असेल तर त्याला भाजीपाल्याच्या रांगेत उभे राहावे लागते.

याच कायद्यातून जाहिरातीच्या गद्याची एक स्वतंत्र शैली जन्मास आली आहे. जो पदार्थ शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करण्यासाठी विकला जातो तो कायद्याच्या दृष्टीने औषध ठरतो आणि औषधाला परवानगी, चाचण्या व पुरावे लागतात. त्यामुळे एखादा लेप सुरकुत्या घालवतो असे म्हणणे धोक्याचे, परंतु तो सुरकुत्यांचे दिसणे कमी करतो असे म्हणणे सुरक्षित. प्रत्यक्षात सुरकुती जागच्या जागी राहते आणि तिचे दिसणे तेवढे रजेवर जाते. आत्मा आणि त्याचा आभास यांतील भेदावर आपल्याकडे शतकानुशतके भाष्ये लिहिली गेली. तो भेद एका लहानशा चिठ्ठीवर, वकिलाकडून तपासून घेऊन, छापण्याचे श्रेय मात्र अमेरिकी प्रसाधनविक्रेत्यांना द्यावे लागेल.

व्याख्या नसली तरी खोटे बोलण्यास पूर्ण मोकळीक आहे असे नाही. व्यापारातील फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ च्या एप्रिलमध्ये, आपला माल सर्वस्वी नैसर्गिक असल्याचे सांगून त्यात कृत्रिम घटक वापरल्याबद्दल पाच कंपन्यांवर कारवाई केली व त्यांपैकी चौघींनी तडजोड स्वीकारली. या चौघींत कॅलिफोर्नियातील सँटा रोझा येथील 'शिकाई' या नावाने व्यवहार करणारी कंपनी होती. भारतीय न्हाणीघराची आठवण करून देणाऱ्या या नावाच्या लोशनमध्ये डायमेथिकोन, म्हणजे वाळूतील सिलिकॉनपासून कारखान्यात घडवलेले तुळतुळीत तेल, आणि फिनॉक्सिइथेनॉल, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य, आढळल्याचे आयोगाचे म्हणणे होते. येथे हे नमूद करणे न्याय्य ठरेल की या द्रव्यांनी कोणाला अपाय झाल्याचा आरोप नव्हता. आक्षेप होता तो केवळ त्यांच्या कुळाबद्दल.

जंतुरोधक द्रव्य घालावे का लागते, याचे उत्तर लोणचे घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक असते: बरणीत पाण्याचा थेंब गेला की बुरशी धरते. क्रीम हे तेल आणि पाणी यांचे, एरवी न जमणारे आणि पायसीकारक द्रव्याच्या मध्यस्थीने कसेबसे टिकणारे मिश्रण असते. त्यात पाणी भरपूर, वर कोरफडीचा गर, गुलाबपाणी, मध अशी जंतूंच्या आवडीची मेजवानी, आणि त्यात दिवसातून दोनदा बुडणारे बोट. अशा पदार्थात परिरक्षक, म्हणजे हे जंतुरोधक द्रव्य, नसणे हे निसर्गाच्या जवळ जाणे खरे, परंतु जवळ येणारा निसर्ग हा बहुधा बुरशीच्या रूपात येतो. ज्या पॅराबेन नामक परिरक्षकांच्या अनुपस्थितीची आज बरणीबरणीवर ग्वाही दिली जाते, त्यांना अमेरिकी स्पर्शजन्य त्वचादाह संस्थेने २०१९ मध्ये वर्षातील अॅलर्जीकारक द्रव्याच्या वार्षिक मानाऐवजी वर्षातील 'अॅलर्जी न करणारे द्रव्य' असा उलटा मान दिला, कारण परिरक्षकांमध्ये त्यांच्याइतका कमी त्रास देणारे दुसरे क्वचितच सापडते. निर्दोषत्वाचा हा जाहीर दाखला मिळूनही पॅराबेनांना बाजारात पुन्हा प्रवेश मिळालेला नाही. अब्रू एकदा गेली की न्यायालयाचा निकाल उपयोगी पडत नाही, हा अनुभव रसायनांनाही चुकलेला नाही.

निसर्ग हा मुळातच कनवाळू आहे ही समजूत शहरात राहणाऱ्यांत विशेष आढळते. अमेरिकेच्या रानावनांत आढळणारी पॉयझन आयव्ही ही वेल सर्वस्वी नैसर्गिक, रासायनिक खतांपासून अलिप्त आणि स्थानिक आहे. तिच्यातील उरुशिऑल नावाच्या तेलकट द्रव्याने अंगावर फोड उठतात. ही वेल आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातील असून बिब्ब्याचा प्रताप अमेरिकी वैद्यकास स्वतंत्रपणे परिचित आहे, कारण दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या कपड्यांवर धोब्यांनी बिब्ब्याच्या रसाने घातलेल्या खुणांमुळे त्यांच्या त्वचेवर पुरळ उठल्याची नोंद त्यात आहे. लिंबाचा रस अंगाला लावून उन्हात बसल्यास त्यातील द्रव्ये सूर्यप्रकाशाने चेतून त्वचा भाजते. सुगंधी वनस्पतितेलांतील लिमोनीन व लिनॅलूल ही द्रव्ये हवेशी संयोग पावून अॅलर्जीस कारण होतात. ओठांच्या प्रसाधनातील कार्माइन हा लाल रंग तर कोचिनील नावाच्या किड्यांना वाळवून व कुटून काढतात, आणि २०११ पासून त्याचे नाव चिठ्ठीवर स्पष्ट छापणे सक्तीचे आहे. एकादशीला साबुदाणा धुऊन घेणाऱ्या कुटुंबांनी नैसर्गिक रंगाचा आग्रह धरण्यापूर्वी ही माहिती लक्षात घेणे बरे.

याहून उद्बोधक उदाहरण खनिज रंगांचे आहे. 'मिनरल मेकअप' म्हणून जे विकले जाते त्यातील पिवळे, तांबडे व काळे रंग म्हणजे लोहाची ऑक्साइडे, आणि ग्राहकाच्या मनात ती डोंगरातून खणून आणलेल्या गेरूच्या रूपात असतात. परंतु अमेरिकी नियमांनुसार प्रसाधनात वापरायची लोह-ऑक्साइडे कृत्रिम रीतीने तयार केलेलीच असावी लागतात, कारण जमिनीतून येणाऱ्या गेरूबरोबर शिसे, आर्सेनिक व पारा हेही निसर्गतःच येतात. अशा प्रकारे पृथ्वीच्या उदरातून थेट आल्यासारखा भासणारा रंग कायद्याने कारखान्यातूनच आणावा लागतो. निसर्गाच्या मालकीहक्काचाही असाच प्रवास झालेला दिसतो. ऑस्ट्रियात जन्मलेल्या होर्स्ट रेखेलबाखर या केशतज्ज्ञाने भारतात आयुर्वेदाचा परिचय करून घेऊन १९७८ मध्ये मिनेसोटात 'अवेदा' ही कंपनी काढली, ती १९९७ मध्ये एस्टे लॉडर या प्रसाधन कंपनीने घेतली. मेन राज्यात १९८४ साली मधमाश्यांच्या मेणावर सुरू झालेली 'बर्ट्स बीज' ही कंपनी २००७ मध्ये क्लोरॉक्सने, म्हणजे कपडे व फरशा यांसाठी ब्लीच बनवणाऱ्या उद्योगाने, ९० कोटी डॉलरांहून अधिक किमतीला विकत घेतली. मेण आणि ब्लीच यांचा नफा एकाच हिशेबात मिळतो, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. पोळे कोणाच्या मालकीचे याची चौकशी मधमाशी कधी करत नाही.

आता दुसरा दावा, खास कालवणीचा. ही कल्पना अमेरिकेत नवी नाही. एस्टे लॉडरच्या 'प्रिस्क्रिप्टिव्ह्ज' या १९७९ मध्ये सुरू झालेल्या शाखेत ग्राहकाच्या वर्णाशी जुळणारे फाउंडेशन कालवून दिले जात असे. प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९९९ मध्ये 'रिफ्लेक्ट डॉट कॉम' काढून संगणकावरून हाच प्रयोग केला आणि २००५ मध्ये तो बंद केला. स्पामधील पद्धत अशी की ग्राहकापुढे एक प्रश्नावली ठेवली जाते: त्वचा कोरडी की तेलकट, झोप किती, पाणी किती, मनावर ताण आहे का, ऋतू कोणता आवडतो. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या माणसास मनावर ताण आहे का असे विचारणे आणि त्याने विचार करून 'हो' असे उत्तर देणे, हा या विधीचा सर्वांत गंभीर भाग असतो. त्यानंतर आधीपासून तयार असलेल्या मोजक्या मूळ क्रीमांपैकी एक घेऊन त्यात दोन-तीन लहान कुप्यांतील थेंब टाकले जातात, काचेच्या दांडीने ढवळले जाते, आणि बरणीवर हाताने ग्राहकाचे नाव लिहिले जाते. या क्रियेत त्वचेवर परिणाम करणारा भाग कोणता याविषयी मतभेद संभवतात. किमतीवर परिणाम करणारा भाग मात्र नाव लिहिण्याचा आहे, याविषयी दुमत नसावे.

ग्राहकाचे समाधान होते ते कशाने, याचा उलगडा मानसशास्त्राने फार पूर्वी केलेला आहे. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे स्वतंत्र स्वभाववर्णन दिले. विद्यार्थ्यांनी ते किती जुळते याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले, आणि नंतर उघड झाले की वर्णन सर्वांना एकच दिले होते व त्यातील बरीच वाक्ये भविष्याच्या एका बाजारी पुस्तकातून घेतली होती. 'आपली त्वचा काही ठिकाणी कोरडी तर काही ठिकाणी तेलकट आहे, ती संवेदनशील आहे आणि तिच्याकडे आजवर पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही' हे निदान याच जातीचे असून, ते ज्याला लागू पडणार नाही असा मनुष्य अजून जन्मास यावयाचा आहे.

आयुर्वेदाच्या प्रवेशाने या प्रश्नावलीस एक भारदस्त पाया मिळाला. पुण्यात आयुर्वेदाचे शिक्षण घेऊन तेथेच अध्यापन केलेले वैद्य वसंत लाड यांनी १९८४ मध्ये न्यू मेक्सिकोत आयुर्वेदिक इन्स्टिट्यूट स्थापन केली, आणि वात, पित्त व कफ या तीन दोषांच्या प्रमाणावरून ठरणारी व्यक्तीची प्रकृती ही संकल्पना तेथील विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षे, नाडीपरीक्षेसह, शिकवली. तीच संकल्पना स्पाच्या काउंटरवर पोहोचेपर्यंत नाडी गळते, वर्षे मिनिटांत आटतात आणि उरतात ते तीन रंगांचे कागद. न्यू जर्सीतील एडिसनचा एखादा मराठी गृहस्थ पत्नीच्या आग्रहाखातर हा कागद भरतो, पित्तप्रधान ठरतो, आणि त्याच्यासाठी म्हणून जे कालवले जाते त्यात हळद, चंदन, गुलाब आणि वाळा हे जिन्नस निघतात. म्हणजे नरक चतुर्दशीच्या पहाटे त्याच्या आईने, त्याची प्रकृती न विचारता आणि विरोध न जुमानता, त्याच्या पाठीला जे लावले तेच.

उटण्याचा उल्लेख येथे केवळ स्मरणरंजनासाठी नाही, कारण दोन्ही दाव्यांच्या कसोटीस ते बरणीपेक्षा अधिक उतरते. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन यांची ही कोरडी पूड आहे. कोरडी असल्यामुळे तिला परिरक्षक लागत नाही, ती वापरण्यापूर्वी काही क्षण दुधात किंवा तेलात वाटीपुरती कालवली जाते, आणि उरलेली टाकून दिली जाते. ताजी कालवण म्हणतात ती हीच. तिचे दोषही मान्य केले पाहिजेत: ती बाथटबमध्ये निसरडी होते, पांढऱ्या टॉवेलांना कायमची पिवळी करते, त्वचेस चंदनाची वा हळदीची अॅलर्जी असेल तर तिचे पावित्र्य आड येत नाही, आणि जून २०१८ पासून अमेरिकेकडे येणाऱ्या विमानांत हातातील सामानातून ३५० मिलिलिटरपेक्षा अधिक पूड नेल्यास तिची जादा तपासणी होते, ज्यामुळे मेतकूट, भाजणी आणि उटणे हे महाराष्ट्राचे तीन चूर्णस्वरूप वारसे एकाच ट्रेमध्ये संशयित म्हणून उभे राहतात. हळदीकडे तर अमेरिकेने एकदा अधिकृतपणेच नव्याने पाहिले: जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ च्या मार्चमध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास देण्यात आले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व शोधनिबंध सादर करून ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. ज्या देशाने हळदीचा शोध लावल्याचे एकदा मान्य केले होते, त्या देशात ती 'प्राचीन रहस्य' म्हणून विकली जावी, यात काळाचा क्रम तेवढा उलटा झालेला आहे.

या सर्व चिकित्सेतून खास कालवणीचा एकही गुण शिल्लक राहत नाही असे मानणे अन्यायाचे होईल. मिनेसोटाच्या हिवाळ्यात सोलणारी त्वचा आणि फ्लोरिडाच्या दमटपणात चिकट होणारी त्वचा यांना एकच लेप मानवत नाही, हे खरे. आणि कॅलिफोर्नियात ६०० तासांचे शिक्षण घेऊन परवाना मिळवलेली त्वचाप्रसाधिका हा फरक ओळखते, हेही खरे. तथापि कालवणीचे खरे मोल तिच्यात काय घातले यापेक्षा काय घातले नाही यात आहे: ज्याला सुगंधी द्रव्यांचा त्रास होतो त्याच्यासाठी सुगंध वगळणे, ज्याला लोकरीच्या मेणाचे वावडे आहे त्याच्यासाठी ते वगळणे. घातलेल्या मौल्यवान घटकांविषयी मात्र अपेक्षा माफक ठेवावी, कारण सुमारे ५०० डाल्टनपेक्षा, म्हणजे रेणूचे वजन मोजण्याच्या एककाच्या पाचशे पटींपेक्षा, जड रेणू धडधाकट त्वचेच्या बाहेरच्या थरातून सहसा आत शिरत नाहीत असा नियम २००० साली त्वचाशास्त्रात मांडला गेला आहे, आणि कोलॅजेनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनांचा असतो. तो त्वचेच्या दारात बसून राहतो आणि चेहरा धुताना परत जातो. याउलट रॉबर्ट चेसब्रोने १८७२ मध्ये पेटंट घेतलेले व्हॅसलीन आत शिरण्याचा कोणताही दावा न करता वर बसून त्वचेतील ओलावा अडवते, आणि अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ आजही त्याची शिफारस करतात. त्याचा उगम खनिज तेलात, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांत असल्यामुळे ते नैसर्गिक आहे असा युक्तिवाद करता येईल, परंतु स्वस्त असल्यामुळे कोणी तो करत नाही.

राहता राहिली गोष्ट प्रत्यक्ष सेवेची, जिच्याबद्दल कायद्याने आणि रसायनशास्त्राने काही म्हटलेले नाही. फोन बंद करून ठेवलेला एक तास, उबदार टॉवेल, कोणीतरी आपल्या चेहऱ्याकडे संगणकाच्या पडद्यापेक्षा अधिक लक्षपूर्वक पाहणे, आणि झोप किती लागते हा प्रश्न, जो घरी विचारला गेला तर भांडणाची सुरुवात समजला जातो, तो येथे मृदू स्वरात विचारला जाणे: या गोष्टी खऱ्या अर्थाने त्या व्यक्तीसाठी केलेल्या असतात आणि त्यांत परिरक्षक नसतो. म्हणून वाचकाने स्पाच्या काउंटरवर बरणीतील सर्व घटकांची लेखी यादी मागावी. ती मिळाल्यास लेप कोपराच्या आतील बाजूस लहानशा जागी सात ते दहा दिवस लावून पाहावा आणि मगच चेहऱ्यास लावावा. आणि यादीऐवजी स्मित मिळाल्यास त्या तासाचे पैसे व रीतीप्रमाणे बक्षिसी आनंदाने द्यावी, आणि बरणी तिथेच ठेवून घरी यावे.